नत्र आणि लॉनवरील बुरशीजन्य रोग : खत थांबवावे की वाढवावे?

हिरवेपाते (मध्य न्यू जर्सी)

जून सुरू झाला की इथल्या मराठी मंडळांच्या समूहांवर लॉनवरच्या तपकिरी चट्ट्यांची छायाचित्रे येऊ लागतात आणि त्यांखाली दोन सल्ले हमखास दिसतात. एक सल्ला असा, की खत जास्त झाल्यामुळे बुरशी आली आहे, तेव्हा ते ताबडतोब बंद करावे. दुसरा असा, की गवत अशक्त झाले आहे, तेव्हा त्याला खत द्यावे. दोन्ही सल्ले देणारी माणसे अनुभवावरूनच बोलतात आणि दोघांचाही अनुभव खरा असतो. फरक एवढाच, की त्यांच्या लॉनवर वेगवेगळे रोग आलेले असतात. काही रोग नत्राच्या (म्हणजे नायट्रोजनच्या) अतिरेकाने भडकतात आणि काही नत्राच्या उपासमारीने. मुळांवरच्या काही रोगांत तर नत्र किती दिले यापेक्षा ते कोणत्या रूपात दिले याला अधिक महत्त्व असते. या विषयावर मराठीत सलग चर्चा कुठे आढळली नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी नत्राच्या अतिरेकाने वाढणारे रोग पाहू. इथल्या घरगुती लॉनमध्ये प्रामुख्याने टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास आणि पेरेनियल रायग्रास ही गवते असतात. ती थंड हवामानातली असल्यामुळे त्यांची खरी वाढ एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. जुलैच्या उष्म्यात त्यांचा श्वसनावरचा खर्च वाढतो, प्रकाशसंश्लेषणातून मिळणारे उत्पन्न त्याला पुरे पडत नाही आणि गवत साठवलेल्या कर्बोदकांवर दिवस काढते. नेमक्या त्या वेळी विद्राव्य नत्र भरपूर मिळाले, तर गवत उरलेला साठाही नवी पाने काढण्यात घालवते. ही पाने मऊ व रसाळ असतात, त्यांच्या पेशीभित्तिका पातळ असतात आणि दाट वाढीमुळे आतले दव सकाळी उशिरापर्यंत सुकत नाही. शिवाय पहाटे पानांच्या टोकांतून जे थेंब पाझरतात त्यांत साखर आणि अमिनो आम्ले असतात. नत्र जास्त असले की हे थेंब बुरशीसाठी अधिक पौष्टिक होतात. रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरेनासे झाले आणि पाने सलग दहा-बारा तास ओली राहू लागली, की ऱ्हायझोक्टोनिया सोलानी या बुरशीमुळे होणारा ब्राउन पॅच अशाच लॉनवर सर्वांत वेगाने पसरतो. टॉल फेस्क्यूचे पान हातात घेऊन पाहिले, तर त्यावर फिकट तपकिरी रंगाचा वेडावाकडा डाग आणि त्याच्या कडेने गडद तपकिरी रेघ दिसते.

याच गटात पिथियम येते. काटेकोर अर्थाने ती बुरशी नाही, पण व्यवहारात तिचा विचार बुरशीबरोबरच केला जातो. पाने प्रथम तेलकट, काळपट व लिबलिबीत दिसतात, पहाटे त्यांवर कापसासारखी पांढरी वाढ असते, आणि पाणी ज्या दिशेने वाहते किंवा मोअरची चाके जिकडे जातात तिकडे रोगाचे पट्टे उमटतात. वसंतात केंटकी ब्लूग्रासवर येणारे पानांवरील ठिपके आणि त्यानंतरची खोडकूजही एप्रिलमधल्या जादा नत्राने बळावते.

दुसरा गट याच्या नेमका उलट वागतो. डॉलर स्पॉट, रेड थ्रेड आणि तांबेरा हे तिन्ही रोग नत्र कमी पडलेल्या, मंद वाढणाऱ्या गवतावर अधिक येतात. यामागचे एक कारण अगदी साधे आहे. बुरशी पानाच्या वरच्या भागावर बसते. गवत पुरेशा वेगाने वाढत असेल तर आठवड्याच्या कापणीत तो भाग निघून जातो आणि खालून निरोगी पान वर येते. वाढ थांबलेली असेल तर तेच रोगट पान आठवडेच्या आठवडे जागेवर राहते. दुसरे कारण असे, की नत्र कमी पडले की गवत जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना पुरवते, त्यामुळे जुनी पाने लवकर पिकतात आणि डॉलर स्पॉटची बुरशी अशा पिकत्या पानांवर सहज शिरकाव करते. या बुरशीचे १९३७ पासून रूढ असलेले स्क्लेरोटिनिया हे नाव २०१८ मध्ये बदलून क्लॅरिरीडिया करण्यात आले. नव्या नावात रटगर्स विद्यापीठातले गवताचे थोर पैदासकार सी. रीड फंक यांची स्मृती जपलेली आहे, ही न्यू जर्सीकरांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट आहे.

डॉलर स्पॉटचा डाग वाळूच्या घड्याळासारखा असतो : पानाच्या पूर्ण रुंदीवर पसरलेला, मधे निमुळता, गवताच्या वाळक्या काडीच्या रंगाचा, वर-खाली तांबूस-तपकिरी कड असलेला. रेड थ्रेडमध्ये पानांच्या टोकांतून गुलाबी-लाल तंतू बाहेर आलेले दिसतात. तांबेऱ्याची ओळख तर मराठी माणसाला गव्हावरून आहेच; लॉनवरून चालून आल्यावर बुटांवर नारिंगी पूड दिसते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की चट्टा दिसल्यावर खताच्या गोणीकडे वळण्याआधी चट्ट्याच्या कडेवरचे पान तोडून सूर्यप्रकाशात नीट पाहावे. चट्ट्याच्या मधले पान उपयोगाचे नसते, कारण ते मेलेले असते आणि त्यावर कोणतीही मृतोपजीवी बुरशी वाढलेली असू शकते.

शेवटी कायद्याचा मुद्दा. बार्नेगॅट उपसागरासारख्या जलाशयांत नत्र साचू लागल्यामुळे न्यू जर्सीने २०११ मध्ये लॉनच्या खतांविषयी कायदा केला. त्यानुसार घरमालकाला १००० चौरस फुटांना एका वेळी ०.९ पौंडापेक्षा अधिक नत्र देता येत नाही, त्यातही पाण्यात लगेच विरघळणारा भाग ०.७ पौंडापर्यंतच असावा लागतो, आणि वर्षभराची मर्यादा ३.२ पौंड आहे. १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात खत घालता येत नाही आणि माती परीक्षणात उणीव दिसल्याशिवाय स्फुरदही (फॉस्फरसही) देता येत नाही. हे नियम पाण्यासाठी केलेले असले, तरी रोगाच्या दृष्टीनेही त्या मर्यादा बऱ्याच समंजस आहेत. वर्षाचे बहुतेक नत्र सप्टेंबर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा या काळात विभागून द्यावे, मेच्या अखेरीस एक हलका हप्ता द्यावा आणि जुलै-ऑगस्टमध्ये हात आखडता ठेवावा, असे माझे मत आहे.

भातखाचर (चिपळूण)

लेख आवडला. लॉनचा आणि आमचा संबंध नाही, पण वाचताना सारखा भातावरचा करपा आठवत होता. युरिया एकदम जास्त पडला, पाऊस रिमझिम राहिला आणि आभाळ सतत भरलेले असले की गर्द हिरव्या, लुसलुशीत खाचरातच करपा प्रथम दिसतो. शेजारच्या फिकट खाचरात तो कमी असतो. म्हणूनच नत्र तीन हप्त्यांत विभागून द्यावे आणि करपा दिसत असताना पुढचा हप्ता लांबवावा, असे आम्हाला कृषी सहायक सांगतात. गवत आणि भात एकाच कुळातले आहेत, तेव्हा ही बुरशीही एकच आहे की फक्त वागणूक सारखी आहे?

हिरवेपाते (मध्य न्यू जर्सी)

भातखाचर, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. ब्राउन पॅचची बुरशी आणि भाताच्या पर्णकोष करप्याची बुरशी या दोन्ही ऱ्हायझोक्टोनिया सोलानी याच जातीतल्या आहेत, आणि तुम्ही म्हणता त्या करप्याची पिरिक्युलारिया ओरायझी ही जातही लॉनवर येते. इथे पेरेनियल रायग्रासवर तिच्यामुळे होणाऱ्या रोगाला ग्रे लीफ स्पॉट म्हणतात. १९९० च्या दशकात पूर्व किनाऱ्यावरच्या अनेक गोल्फ मैदानांची रायग्रासची हिरवळ या रोगाने काही दिवसांत नष्ट झाली होती. भातावर वाढणारा गट आणि रायग्रासवर वाढणारा गट वेगळे आहेत, त्यामुळे एकाचा रोग दुसऱ्यावर सहसा जात नाही. मात्र २०१६ मध्ये बांगलादेशात गव्हावर आलेला करपाही याच जातीच्या एका गटामुळे होता, यावरून या बुरशीची झेप लक्षात यावी.

नत्राच्या बाबतीत तिची वागणूक भातात आणि रायग्रासमध्ये सारखीच आहे. ऑगस्टमध्ये विद्राव्य नत्र दिले की रोग वाढतो, आणि नुकत्याच पेरलेल्या कोवळ्या रोपांवर तो सर्वाधिक वाढतो. म्हणून ऑगस्टमध्ये रायग्रासची फेरपेरणी करून लगेच खत टाकणे मला धोक्याचे वाटते. हप्ते पाडण्याची तुमच्याकडची पद्धत लॉनलाही तंतोतंत लागू आहे.

पर्णकोष (रॅले, नॉर्थ कॅरोलिना)

मी वनस्पतिरोगशास्त्राशी संबंधित क्षेत्रात काम करतो. लेखातला नत्राच्या रूपाचा मुद्दा एका वाक्यात उरकला गेला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो, कारण पानांवरच्या रोगांपेक्षा मुळांवरचे रोग लॉनचे कितीतरी अधिक कायमचे नुकसान करतात.

वनस्पतीचे मूळ अमोनियमच्या रूपातले नत्र घेते तेव्हा ते बदल्यात हायड्रोजनचे आयन बाहेर सोडते आणि मुळालगतची माती आम्लधर्मी होते. नायट्रेटच्या रूपातले नत्र घेताना नेमके उलट घडते आणि मुळालगतचा सामू (पीएच) वाढतो. हा बदल मुळाभोवतीच्या काही मिलिमीटरच्या थरात होतो, पण मुळांवर बाहेरून धाग्यांनी सरपटत जाणाऱ्या बुरशींचे सगळे आयुष्य त्याच थरात जाते. केंटकी ब्लूग्रासवरचा समर पॅच आणि बेंटग्रासवरचा टेक-ऑल पॅच हे रोग अशा बुरशींमुळे होतात. सामू वाढला की या बुरशींना अनुकूल स्थिती मिळते, आणि त्याच वेळी मातीतले मँगनीज झाडाला मिळेनासे होते. मँगनीज हे लिग्निन आणि फिनॉल वर्गातली संरक्षक द्रव्ये तयार करण्यासाठी लागते. त्यामुळे झाडाची भिंत कच्ची राहते आणि शत्रूला मात्र बळ मिळते. रटगर्समधल्या प्रयोगांत अमोनियम सल्फेट वापरल्यावर समर पॅच कमी झाला आणि नायट्रेट खतांनी तो वाढला; टेक-ऑलच्या बाबतीत अमोनियमबरोबर मँगनीज दिल्याचाही उपयोग दिसला. म्हणून ज्यांच्या लॉनवर समर पॅच येतो त्यांनी माती परीक्षणाशिवाय चुना घालू नये. शेजाऱ्याने घातला म्हणून आपणही चुन्याची पोती ओतणे हे रोगाला आमंत्रण ठरू शकते.

यावरून अमोनियम नेहमीच चांगले आणि नायट्रेट नेहमीच वाईट असा नियम करता येईल का? येत नाही, आणि त्याचे उदाहरण आमच्याच राज्यात आहे. इथे बर्म्युडा गवत, म्हणजे आपली हरळी, हिवाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि वसंतात हिरवे होताना त्यात वर्तुळाकार मेलेले चट्टे दिसतात. हा स्प्रिंग डेड स्पॉट. इथे तो मुख्यतः ऑफिओस्फेरेला वंशाच्या दोन जातींमुळे होतो आणि डोळ्यांना दोन्हींचे चट्टे सारखेच दिसतात. नॉर्थ कॅरोलिनातील अनेक वर्षांच्या प्रयोगांत हर्पोट्रिका ही जात अमोनियम सल्फेटने दबली, तर कोरी ही जात कॅल्शियम नायट्रेटने दबली. म्हणजे रोगाचे नाव कळूनही पुरत नाही. बुरशीची जात कळावी लागते आणि त्यासाठी प्रयोगशाळेत नमुना जावा लागतो. व्यावसायिक मैदानांसाठी हा खर्च योग्य आहे, कारण चुकीच्या खतावर वर्षानुवर्षे होणारा खर्च त्याहून अधिक असतो.

अमोनियम सल्फेट वापरणाऱ्यांना एक सूचना. ते पाने भाजते. थंड वेळी, कोरड्या पानांवर, कमी मात्रेत टाकावे आणि लगेच पाणी देऊन मातीत उतरवावे.

टेकडीमागे (पुणे)

माझा प्रश्न पुण्यातल्या सोसायटीच्या लॉनबद्दल आहे. पावसाळ्यात माळीकाका मुठीने युरिया फेकतात. दोन दिवसांत जागोजागी पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात आणि मग बुरशी आली म्हणून बुरशीनाशकाची फवारणी होते. पुन्हा काही दिवसांनी तेच. हे रोगच आहेत का? आणि वर न्यू जर्सीसाठी सांगितलेला ‘उन्हाळ्यात नत्र नको’ हा नियम आम्ही पाळावा का?

हिरवेपाते (मध्य न्यू जर्सी)

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्यातून इथला सल्ला तिकडे नेताना होणारा मोठा घोटाळा टळेल. तो नियम पुण्याला लागू नाही. हरळी, मेक्सिकन लॉन म्हणून नर्सरीत मिळणारे गवत आणि पॅस्पॅलम ही उष्ण हवामानातली गवते आहेत. ऊन आणि उष्मा हा त्यांच्या भरभराटीचा काळ असतो. पाणी मिळत असेल तर त्या काळात त्यांना नत्र लागते, आणि नत्र कमी पडलेल्या हरळीवर डॉलर स्पॉट तिकडेही येऊ शकतो. मुसळधार पावसात नायट्रेट झिरपून जाते, त्यामुळे पावसाळ्याच्या उत्तरार्धात अशी उपासमार होणे स्वाभाविक आहे. थंडीत वाढ मंदावल्यावर मात्र या गवतांना नत्र देऊन काही साधत नाही.

पहिल्या प्रश्नाबाबत, तुमच्या वर्णनावरून ते बुरशीचे काम वाटत नाही. पाने युरियाने भाजली असावीत. खताने भाजलेली पाने एक-दोन दिवसांतच दिसतात, त्यांचा आकार हाताच्या फेकीसारखा किंवा स्प्रेडरच्या (खत पसरण्याच्या यंत्राच्या) पट्ट्यासारखा असतो, पानावर कड असलेला ठरावीक डाग नसतो आणि पहाटे जाळीसारखी पांढरी वाढही दिसत नाही. रोगाचा चट्टा हळूहळू कडेने वाढत जातो, भाजलेला पट्टा मात्र पहिल्या दिवशी जेवढा असतो तेवढाच राहतो. कुत्र्याच्या मूत्रामुळे पडणारा चट्टाही याच प्रकारचा असतो : मधे नत्राच्या अतिरेकाने मेलेले गवत आणि भोवती त्याच नत्राच्या सौम्य मात्रेने गर्द हिरवे झालेले कडे.

माळीकाकांना दोष देऊ नये, त्यांना मोजून देण्याचे साधन द्यावे. युरियात ४६ टक्के नत्र असते. वाढीच्या काळात हरळीच्या सोसायटी लॉनला एका वेळी चौरस मीटरला अडीच ग्रॅम नत्र पुरते, म्हणजे १०० चौरस मीटरला साधारण ५४० ग्रॅम युरिया. तो दुप्पट-तिप्पट कोरड्या बारीक वाळूत मिसळून, पाने कोरडी असताना, एकदा उभा आणि एकदा आडवा असा दोन फेऱ्यांत पसरावा आणि लगेच पाणी द्यावे. युरिया पृष्ठभागावर तसाच राहिला तर उष्ण हवेत त्यातले बरेचसे नत्र अमोनिया वायू होऊन उडून जाते.

पाणवठा (एडिसन, न्यू जर्सी)

आम्ही घर घेतले तेव्हापासून लॉनची देखभाल एका कंपनीकडे आहे. मेअखेरीस त्यांनी खत टाकले, लॉन दहा दिवस गर्द हिरवे होते आणि आता जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात टॉल फेस्क्यूवर हातभर रुंदीचे तपकिरी चट्टे आले आहेत. पानांवर वर सांगितलेली गडद कड स्पष्ट दिसते. कंपनी आता पुन्हा ‘रिकव्हरीसाठी’ खत टाकू म्हणते. मी काय सांगावे? आमचे लॉन ४००० चौरस फूट आहे आणि स्प्रिंकलर संध्याकाळी सात वाजता सुरू होतो.

हिरवेपाते (मध्य न्यू जर्सी)

पाणवठा, सध्या खत थांबवण्यास स्पष्ट शब्दांत सांगावे. वर्णनावरून हा ब्राउन पॅच आहे. खत टाकल्याने मेलेली पाने परत येणार नाहीत. नवी पाने मात्र त्याच उष्ण, दमट रात्रींत रोगाच्या तोंडी जातील. टॉल फेस्क्यूवर ब्राउन पॅच बहुतेक वेळा पानांपुरता राहतो आणि खालचा कोंब जिवंत असतो. एक कोंब उपटून पाहावा. बुडाशी तो पांढरट आणि घट्ट असेल तर सप्टेंबरात गवत आपोआप सावरते.

खताहूनही तातडीची बाब स्प्रिंकलरची वेळ आहे. सायंकाळी सातला पाणी दिल्यावर पाने रात्रभर ओली राहतात, म्हणजे बुरशीला हवे असलेले दहा-बारा तास आपणच तिला देतो. पाणी पहाटे चार ते सातच्या दरम्यान द्यावे. तेव्हा दव असतेच, त्यामुळे ओलाव्याचा काळ वाढत नाही. रोज थोडे देण्याऐवजी आठवड्यातून एक-दोनदा खोलवर द्यावे. मोअरची उंची साडेतीन इंच ठेवावी आणि ओले गवत कापू नये.

सप्टेंबरच्या हप्त्याचा हिशेब सांगून ठेवतो. समजा गोणीवर २४-०-८ असे लिहिले आहे. पहिला आकडा नत्राची टक्केवारी. ०.९ पौंड नत्रासाठी १००० चौरस फुटांना ३.७५ पौंड खत लागेल आणि तुमच्या ४००० चौरस फुटांना १५ पौंड. गोणीच्या मागच्या बाजूला नत्राचा किती भाग सावकाश सुटणारा आहे ते छापलेले असते, तो पाहावा. कंपनीकडून मेमध्ये टाकलेल्या खताचे नाव आणि मात्रा लेखी मागून घ्यावी. वर्षाच्या हिशेबात ती धरावी लागते. कापलेले गवत लॉनवरच सोडत असाल तर खताची गरज आणखी कमी होते, कारण त्यातले नत्र परत मातीत जाते. रटगर्सच्या केंटकी ब्लूग्रासवरील प्रयोगांत कापलेले गवत परत दिल्यावर नत्राची मात्रा निम्म्यापर्यंत उतरवूनही रंग टिकला होता.

शेणखत (नाशिक)

इतके आकडे सांभाळण्यापेक्षा सेंद्रिय खत वापरणे सोपे नाही का? त्यातले नत्र सावकाश सुटते, त्यामुळे रोगाचा प्रश्नच येऊ नये.

पर्णकोष (रॅले, नॉर्थ कॅरोलिना)

सेंद्रिय खताविषयी मला आदर आहे, मातीच्या जडणघडणीसाठी ते उत्तमच आहे. पण ‘रोगाचा प्रश्नच येऊ नये’ याच्याशी मी सहमत नाही. सेंद्रिय खतातले नत्र मातीतले सूक्ष्मजीव सोडतात आणि माती उबदार व ओलसर असते तेव्हा ते सर्वांत वेगाने काम करतात. म्हणजे एप्रिलच्या थंड मातीत टाकलेले भरपूर कोंबडखत जूनअखेर ते ऑगस्ट या काळात जोमाने नत्र सोडू शकते, आणि थंड हवामानातल्या गवताला नेमके तेव्हाच ते नको असते. पाण्याबरोबर हळूहळू पाझरणाऱ्या आवरणयुक्त युरियाचेही तापमानाशी असेच नाते आहे. नत्र कोठून आले याची बुरशीला पर्वा नसते. सेंद्रिय खत जरूर वापरावे, पण ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, मातीत ऊब शिल्लक असताना द्यावे आणि त्यातले नत्र मोजून धरावे.

ओलीवाट (रीडिंग, इंग्लंड)

इकडे घरगुती हिरवळीवर सर्वाधिक दिसणारा रोग रेड थ्रेड आहे. दमट उन्हाळ्यात रायग्रास आणि फेस्क्यूच्या लॉनवर गुलाबी छटेचे चट्टे येतात आणि लोक घाबरून बुरशीनाशक शोधू लागतात. जूनमध्ये नत्राचा एक हलका हप्ता दिला की काही आठवड्यांत ते चट्टे बहुधा हिरवळीत विरून जातात, कारण ही बुरशी गवताचा कोंब मारत नाही. मात्र हाच उपाय ऑक्टोबरमध्ये करू नये. थंडीच्या तोंडावर मऊ वाढ झाली की मायक्रोडोकियम निव्हाले ही बुरशी तिच्यावर येते आणि तिचे चट्टे हिवाळाभर भरून निघत नाहीत, कारण तेव्हा गवत वाढतच नसते. म्हणून इकडे ऑगस्टनंतर जास्त नत्राचे खत टाळतात.

हिरवेपाते (मध्य न्यू जर्सी)

ओलीवाट, आभार. इथे मी शरदात नत्र देण्याचा सल्ला दिला आहे आणि तुमच्याकडे तेच टाळतात, यात विरोध नाही. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर कोरडा व उन्हाचा असतो आणि मग कडक थंडी पडून वाढ पूर्ण थांबते. तुमच्याकडचा हिवाळा सौम्य, ओला आणि लांबलेला असतो, तो मायक्रोडोकियमला पोषक ठरतो. आमच्याकडेही नोव्हेंबरात उशिरा नत्र देऊन बर्फाखाली कोवळे गवत ठेवले, तर बर्फाखालची बुरशी वाढतेच.

पाणवठा (एडिसन, न्यू जर्सी)

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. स्प्रिंकलर पहाटे पाचवर आणला आहे. आणखी एक शंका. लॉनच्या एका कोपऱ्यात गर्द हिरवे गोल कडे आहे आणि त्यावर पावसानंतर छत्र्या उगवतात. तिथे तर खत जास्त पडलेले नाही. आणि गोल्फ मैदानावर जुलैतही नत्र देतात असे ऐकले, ते कसे?

पर्णकोष (रॅले, नॉर्थ कॅरोलिना)

ते कडे फेअरी रिंगचे आहे. जमिनीत पुरलेले लाकूड, जुनी मुळे किंवा गवताच्या काड्यांचा थर कुजवणारी बुरशी बाहेरच्या दिशेने वाढत जाते आणि कुजताना सुटलेले नत्र गवताला मिळून कडे गर्द हिरवे होते. इथे बुरशीच गवताला नत्र पुरवते आहे. उरलेल्या लॉनला योग्य वेळी थोडे नत्र दिले की रंगातला फरक झाकला जातो. कड्यातले गवत वाळत असेल तरच काळजी करावी. तिथली माती पाणी झिडकारू लागलेली असते, तेव्हा काट्याने भोके पाडून पाणी मुरवावे.

गोल्फच्या ग्रीनची, म्हणजे चेंडू ज्या भोकात घालायचा त्याभोवतीच्या हिरवळीची, गोष्ट वेगळी आहे. ते गवत साधारण ३ मिलिमीटरवर कापतात. चेंडू वेगाने घरंगळावा म्हणून अनेक मैदानांनी नत्र फार कमी केले आणि कापणी आणखी खाली नेली, तेव्हा पोआ अॅन्युआ या गवतावर अँथ्रॅक्नोजच्या साथी आल्या. रटगर्समधल्या संशोधनातून असे दिसले, की उन्हाळ्यात दर आठवड्याला १००० चौरस फुटांना ०.१ पौंड इतक्या सूक्ष्म मात्रेत विद्राव्य नत्र फवारले तर हा रोग स्पष्टपणे कमी होतो, आणि कापणीची उंची किंचित वाढवल्यानेही होतो. म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम. एवढ्या मात्रेने मऊ वाढ उसळत नाही, पण उपासमारही होत नाही. घरच्या टॉल फेस्क्यूसाठी मात्र याची गरज नाही.

पाणवठा (एडिसन, न्यू जर्सी)

समजले. शेजाऱ्यांच्या लॉनवरचे चट्टे वेगळे दिसतात आणि पानावर स्पष्ट डाग नाहीत. ते नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा म्हणतात. तो कसा घ्यावा?

पर्णकोष (रॅले, नॉर्थ कॅरोलिना)

रटगर्सची वनस्पतिरोग निदान प्रयोगशाळा घरमालकांचेही नमुने घेते. बुरशीनाशक फवारण्याआधी नमुना घ्यावा. चट्ट्याच्या कडेवर, म्हणजे अर्धे निरोगी आणि अर्धे रोगट गवत येईल अशा ठिकाणी, तळहाताएवढा तुकडा मुळे आणि तीन-चार इंच मातीसह कापावा. मुळांचा रोग असेल तर वरची पाने खुडून पाठवल्याने निदान होत नाही. तुकडा वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळावा, त्यावर पाणी शिंपडू नये आणि ओला करून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, नाहीतर वाटेतच तो कुजतो. खोक्यात बसवून सोमवारी किंवा मंगळवारी पाठवावा, म्हणजे शनिवार-रविवारी टपालात पडून राहणार नाही. सोबतच्या अर्जात गवताचा प्रकार, चट्टे प्रथम केव्हा दिसले, पाणी कोणत्या वेळी दिले जाते आणि गेल्या वर्षभरात कोणते खत कोणत्या महिन्यात व किती टाकले हे लिहावे. शेवटची माहिती बहुतेक लोक रिकामी सोडतात. समर पॅच आणि उन्हाने करपणे यांतला निवाडा करताना तिचा फार उपयोग होतो.